दारातली खुर्ची

आमच्या तेरखेड्यात फटाक्याची दारू कालवायची असली की मालक स्वतः शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतो. मालक बसला नाही तर कामगार आत पाऊल टाकत नाहीत. नियमांच्या पाट्या राहू द्या भिंतीवर. भडका उडालाच तर तूही आमच्याबरोबर, एवढंच बघायचं. मुनवरचाचा त्या खुर्चीवर म्हातारे झाले. त्यांच्या शेडमध्ये कधी कुणाचं बोटही भाजलं नाही.

म्हणून माळावर अणुवीज प्रकल्पाची बोलणी सुरू झाली तेव्हा गावानं चाचांनाच पुढं केलं. प्रकल्पाचे साहेब हुशार. त्यांनी चाचांना समुद्राकाठचा जुना प्रकल्प दाखवायला नेलं, तिथल्या आपल्या घरी बसवून चहा पाजला. भिंतीपलीकडं प्रकल्प, अलीकडं साहेबांचीच पोरं सायकल खेळत होती. "तुमच्या माळावरही पहिलं घर माझंच," साहेब म्हणाले. चाचा तिथंच विरघळले. मालक दारात बसलेला दिसला आणि पुढचं काही विचारायचंच राहिलं.

गावात परतल्यावर त्यांनी पारावर सांगून टाकलं, "साहेब सोता इथं राहनार हाय. भिऊ नका."

शेजारच्या जाईबाईनं माळावरचं आपलं रान सगळ्यात आधी दिलं. तिच्यामागनं बाकीच्यांनी.

रानं हातची गेल्यावर पुन्हा सभा झाली. चाचा उठले. "साहेब, तुमचं घर कुठल्या बाजूला?"

साहेबांनी मोबाइलमधून मानही वर काढली नाही. "आमची वसाहत धाराशिवला होतेय, चाचा. मुलांची शाळा, दवाखाना, सगळं तिथं सोयीचं पडतं."

"तुमी जबान दिली होती."

"तेव्हा तसं चाललं होतं," म्हणत साहेब हसले.

ते हसू आठवलं की अजून माझ्या अंगाची आग होते. खोटंच बोलायचं होतं तर दुसरं काहीही बोलायचं होतं की! हा माणूस कशावर डोळे झाकून भरवसा ठेवतो, हे हेरून नेमकं तिथंच फसवलं.

सभा उठल्यावर चाचा जाईबाईच्या दारात गेले. मीही मागोमाग होतो.

"जाईबाई, साहेबानं दगा दिला."

"तुमाला दिला आसंल," ती शांतपणे म्हणाली. "त्या साहेबाला मी कुठं वळखते? म्या रान दिलं ते तुमच्याकडं बघून, मुनवरभाई."