सूर्याची वाट बघणारा डीजे

मला फक्त अर्धा तास पायजे होता. सात ते साडेसात. म्हणजे बरोब्बर सूर्य उगवतानाचा!

संकेश्वरच्या पुढं एका आप्पांच्या रानात पहाटेची पार्टी होती, हाऊस आणि टेक्नो म्युझिकची. ठरवणारा बेळगावचा एक अण्णा, आयटीत नोकरी, घरातनं काम, त्यामुळं वेळच वेळ. मेन डीजे पुण्याचा, पण सूर्योदयाचा अर्धा तास तुझा, असा अण्णानं मला शब्द दिलता. तीन महिने मी सेकंडहँड कन्सोलवर तेवढाच अर्धा तास बसवत होतो. आई वैतागलेली. "तेच तेच काय ठोकतोस रं? घरात पंप चालू हाय काय?"

पाचला पोचलो. पन्नासेक पोरंपोरी, अंधारात काळे चष्मे लावून. थंडीनं दात वाजायलेत आणि अंगात फुलाफुलांचे शर्ट. एक पोरगी स्पीकरपुढं उभी राहून मला म्हणते, "किती शांत वाटतंय ना?" शांत!

स्टेज पूर्वेला, म्हणजे सूर्य डीजेच्या मागनं यायला पायजे. पण मागं ऊस! दोन पुरुष उंच, तुरे आलेला. अण्णानं जागा दिवाळीत बघितलती, तवा आप्पा म्हणालते, डिसेंबरपर्यंत तोड होईल. कारखान्याची तोड सांगितल्या दिवशी येते असं समजणारा माणूस बेळगावात राहतोय, कमाल हाय.

सात वाजले. मी हेडफोन गळ्यात घालून स्टेजवर. पुण्याचा डीजे हलंना.

"सर, माझी वेळ झाली."

"थांब रे, सूर्य येऊ दे. शूटिंगचा ड्रोन वर आहे."

आणि त्यानं किक, म्हणजे गाण्यातला धप्‌धप्‌ ठोका, काढून टाकली. नुसता सुंईईई करत आवाज चढवत बसला. सूर्य दिसला की धाडकन किक सोडणार, असला लई भारी प्लॅन. सव्वासात. सुंई. साडेसात. सुंईच! पोरांनी वर केलेले हात दुखायला लागले, मग एकेक हात खाली, मग मोबाईल बाहेर.

आप्पा धार काढून बघायला आले. "काय रं, मशीन बिघडलं काय?"

"न्हाय आप्पा, सूर्य उगवायची वाट बघायलेत."

"उगवून अर्धा तास झाला की! आमच्या दारात ऊन पडलंय. तिकडं या म्हणावं, च्या पण हाय."

मी जाऊन डीजेला तसंच्या तसं सांगितलं. तो डोळे मिटून म्हणाला, "दोन मिनिटं." अण्णाला हाक मारली तर अण्णा एकदम मोबाईलमधी.

उसाच्या वर सूर्य आला तवा सव्वाआठ वाजून गेलते. किक सुटली. नाचायला सात-आठजण, त्यातले दोघं गाडीची चावी शोधत होते. ड्रोन बॅटरी संपून कवाच खाली उतरलाता.

"घे, वाजव आता," अण्णा म्हणाला. "दहा मिनिटं हायत. साडेआठला बंद करतो म्हणून आप्पांना सांगितलंय."

एवढा वेळ उभा राहून मी काय काय ठरवलतं! दोघांना तोंडावर काय सुनावायचं, कुठल्या शिव्या, कुठल्या क्रमानं. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "थँक्यू सर."

पेनड्राईव्ह लावला, आणि तीन महिन्यांचं सगळं दहा मिनिटांत कोंबायला लागलो.