वीतभर रेघ

आमची वहिनी चित्रकार आहे, पण तिच्या चित्रात झाड नाही, नदी नाही, घागर घेतलेली बाई तर मुळीच नाही. असतात त्या रेघा आणि चौकोन. पाहुणे विचारतात, "हे काय आहे?" वहिनी म्हणते, "रेघ." पाहुणे मान डोलावतात आणि चहा मागतात. मला चित्रांतलं ओ की ठो कळत नाही, पण निदान मी तसं तोंडावर सांगतो.

गंमत अशी की माझा दादाही रेघाच काढतो. रस्त्यांवर. पांढऱ्या, पिवळ्या, सरळसोट. दोरी ताणायची, यंत्र ढकलायचं आणि वाहनवाल्यांच्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम. एका घरात दोघं रेघा काढणारे, पण दादा वहिनीच्या खोलीत जायचा तो फक्त चहाचा कप ठेवायला. एकदा त्याने तिची महागाची चिकटपट्टी गळक्या नळाला गुंडाळली. त्यानंतर घरात जो अबोला झाला, त्यात माझ्यासारख्या धाकट्या दिराचे निरोप पोचवता पोचवता पाय दुखले.

मग वहिनीचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलं. दालनातल्या समोरच्या मोठ्या भिंतीसाठी तिने मोठंच चित्र घेतलं. सगळा कॅनव्हास राखाडी आणि त्यावर डावीकडून निघालेली एकच काळी रेघ. ती उजव्या कडेपर्यंत पोचत नव्हती, वीतभर आधी थांबत होती. ती कुठे थांबवायची, यावर तिने अख्खा हिवाळा घालवला. जेवताना तोच विषय. "भाऊजी, बोटभर अलीकडे घेऊ का?" मी म्हणायचो, "घे." दुसऱ्या दिवशी, "पलीकडे?" मी म्हणायचो, "घे." दादा खाली मान घालून जेवायचा. अखेर एक दिवस वहिनी खोलीबाहेर आली आणि म्हणाली, "जमलं." इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती. बाकीची चित्रं तिच्या मते ठीक होती, पण हे एक जमलं होतं.

चित्रं न्यायला टेम्पो यायच्या आदल्या दिवशी दुपारी ती दालन बघायला गेली. दादाला सुट्टी होती. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली, "ये, बघ तर." मी जाऊन पाहिलं. रेघ कडेपर्यंत पोचली होती. त्याने पट्टी लावून, काळा रंग हुबेहूब जुळवून, दोन हात मारले होते.

"घाईत राहून गेलं असणार बिचारीचं," तो म्हणाला. "तिला सांगू नकोस, आपसूक कळू दे."

तसंच झालं. वहिनी आली, दारातच थबकली आणि रंगाच्या डब्यावर बसली.

"तुम्ही केलंत?"

"मग काय! राहून गेलं होतं ना."

"हिवाळाभर मी जेवताना काय बोलत होते?"

दादा गोंधळला. "मला वाटलं, फळीचं चाललंय. स्वयंपाकघरातल्या."

वहिनी ओरडली नाही. तिने शांतपणे विचारलं, "अहो, रस्त्यावर तुम्ही रेघ कुठे तोडता?"

"जिथे ओलांडायला मुभा असते तिथे," दादा परीक्षेत उत्तर द्यावं तसा बोलून गेला. मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मी... रस्ता अडवला?"

राखाडी रंगाने झाकू, असं तो म्हणाला. रस्त्यावर ते तसंच करतात.

"आणि ते दिसत नाही?"

"दिसतं," दादाने कबूल केलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

त्या भिंतीला दुसरं चित्र नव्हतं. सकाळी टेम्पो आला आणि वहिनीने चित्र तसंच त्यात चढवलं.

प्रदर्शनात दादा इस्त्रीचा शर्ट घालून चित्राशेजारी पहारेकऱ्यासारखा उभा. येईल त्याला सांगायचा, "इथपर्यंत तिची रेघ. इथून पुढे माझी चूक. तिचा काही दोष नाही." लोक गंभीर होऊन ऐकायचे. एका दाढीवाल्याने विचारलं, "यामागे विचार काय होता?" दादा म्हणाला, "वाटलं, राहून गेलं." दाढीवाला "वा!" म्हणाला आणि डोळे मिटून उभा राहिला. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो.

परत आलो तर वहिनीचे जुने शिक्षक चित्रापुढे उभे. सरांनी कुणाचं कौतुक केल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. दादाने तोंड उघडायच्या आत त्यांनी बोट दाखवलं.

"इथे हात बदललाय."

"माझा," दादा म्हणाला.

"फार सरळ आहे."

दादा फुलला.

"तेच वाईट आहे," सर म्हणाले. "हिची रेघ श्वास घेते, तुमची घेत नाही. एवढा तुकडा आत्ताच्या आत्ता कागद लावून झाका."

"झाका," दादा म्हणाला. "मी कागद आणतो."

"नको," वहिनी म्हणाली. "सर, ह्यांनी माझं चित्र बिघडवलंय. मी फार चिडलेय, अजून बरेच दिवस चिडणार आहे. पण इतकी वर्षं हे माझ्या चित्रांजवळ कप ठेवून निघून जायचे. एकही चित्र ह्यांनी धड पाहिलं नाही. हे पाहिलं. कडेपर्यंत पाहिलं, म्हणून तर कमी आहे ते कळलं. ते मी झाकणार नाही."

सर पुढच्या चित्राकडे वळले. नवीन माणसं आली, तेव्हा दादाने त्यांना काहीच सांगितलं नाही. बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली आणि त्यांच्या मागे उभा राहून तोही चित्र पाहू लागला.