ह्यांची शर्यतीची गाडी आणि आपांचे पैसे

आधी माफी मागते. माझं अक्षर ओळीवर थांबत नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावर शाळाच चौथीपर्यंत होती. पुढे घाट उतरून जावं लागायचं, आणि मुलीला एवढ्या लांब कोण पाठवणार. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसं समोर आली की माझे शब्द पोटात जातात. म्हणून जे बोलायचं राहून गेलं ते इथे लिहिते.

नाशिकला द्वारकेच्या चौकातून आत गल्लीत आमच्या ह्यांचं गॅरेज आहे. पुढे गॅरेज, मागे आमच्या दोन खोल्या. शेजारच्या गाळ्यात आपा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांचे मियाँ वारले तेव्हापासून दुकान त्याच चालवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी बोली ऐकून गल्लीतल्या बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. आपा हसल्या नाहीत. दुपारी मला बोलावून घ्यायच्या आणि त्याच एकट्या बोलत राहायच्या. मी फक्त बटणं लावून द्यायची.

आमचे हे दुसऱ्यांच्या शर्यतीच्या गाड्या तयार करतात. शहराबाहेर माळावर मातीचा वळणावळणाचा रस्ता आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. सगळ्यांत कमी वेळात फिरून येईल तो जिंकला. नाशिकमध्ये हा शौक पुष्कळ जणांना आहे. पोरं गाडी आणून ठेवतात, घेऊन जातात, जिंकली की फोटो पाठवतात. हे तो फोटो मला दाखवायचे आणि बोट ठेवून म्हणायचे, इथला शॉकअप मी भरलेला आहे. फोटोत शॉकअप कधी दिसायचा नाही. फक्त धूळ दिसायची. मी हो म्हणायचे.

एका गिऱ्हाइकाने बिलापोटी जुनी आठशे गाडी सोडली तेव्हा ह्यांच्या मनात आलं, की एकदा आपण स्वतः चालवावी. मला सरळ सांगितलं नाही. पण जेवताना हात ताटात आणि डोळे दारातून त्या गाडीकडे, असं चालू झालं. मग हिशोब निघाला. आत लोखंडी पिंजरा बसवल्याशिवाय गाडी शर्यतीत घेत नाहीत. हेल्मेट, कपडे, दणकट स्प्रिंगा, शॉकअप, पेट्रोलचा वेगळा पंप. सगळे मिळून चाळीस हजार. ह्यांनी पेन्सिलने लिहिलेला कागद चुरगळून टाकला आणि पाना घेऊन दुसऱ्याच्या गाडीखाली गेले.

मी आपांना काही सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या आणि आमच्या मध्ये एकच भिंत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मांडीवर रुमालात बांधलेले चाळीस हजार ठेवले. मला ते कशाचे ते माहीत होतं. आपा उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, जाण्यासाठी साठवत होत्या.

"आपा, हे नाही घेता येणार," मी म्हणाले.

"तुझ्या मिस्त्रीने माझ्या दुकानाचं शटर किती वेळा फुकट दुरुस्त केलं, ते मी मोजलं का? पुढच्या रमजाननंतर मला जायचं आहे. तोवर दे. व्याजाचं नाव काढू नकोस, आमच्यात चालत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फक्त त्याच्या पुढे नको नेऊ, बेटी. गुडघे चालतायत तोवर मला तिथे माझ्या पायांनी फिरायचं आहे."

डॉक्टरांनी त्यांना सांगितलंच होतं की गुडघे फार दिवस साथ देणार नाहीत. त्या दिवसापासून आपा गल्लीतून चालल्या की माझं लक्ष त्यांच्या पायांकडे जायला लागलं.

ह्यांनी एका मोठ्या व्हॅनच्या जाड स्प्रिंगा आणून आठशेला बसवल्या. त्यांच्याखाली लेथवर करून घेतलेल्या फिरत्या चकत्या घातल्या. चकती फिरवली की गाडीचा तेवढा कोपरा वर उचलतो. शॉकअप उघडून आत जाड तेल भरलं, म्हणजे गाडी खड्ड्यातून निघाली की नाचत बसत नाही. आता चारी चाकांवरचा भार जुळवायचा होता. त्यासाठी चार मोठे वजनकाटे लागतात. हे कांद्याच्या व्यापाऱ्याकडे गेले. रविवारी त्याचं काम बंद असतं. त्याचे गोण्या मोजायचे चार काटे टेम्पोतून आणले आणि एकेका चाकाखाली एकेक ठेवला.

भार जुळवताना चालवणारा माणूस सीटवर बसलेला लागतो. पण चालवणारे हेच आणि गाडीखाली झोपून चकती फिरवणारेही हेच. म्हणून मला बसवलं. माझं वजन कमी पडत होतं, तेव्हा मांडीवर गव्हाची पिशवी दिली. मी साडी गोळा करून त्या लोखंडी पिंजऱ्यात शिरले. गल्लीतली माणसं बघायला जमली. मी पिशवीवर मान खाली घालून बसले.

आपांना माझी अवस्था समजली. त्या आल्या, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि माझ्या सोबतीला बसल्या. खालून ह्यांचा आवाज आला.

"आपा, तुम्ही उतरा. डावीकडचं सगळं वाढलं."

"मिस्त्री, बाईमाणसाला वजन सांगतात का?" आपा म्हणाल्या आणि उतरून दारापाशी वेताचा मोढा घेऊन बसल्या. जमलेले सगळे हसले, आणि माझ्याकडे बघायचं विसरले.

एका काट्यावर भार काही केल्या येईना. ह्यांनी चकती वर केली, खाली केली, घाम पुसला, पुन्हा वर केली. तास दोन तास गेले. शेवटी चिडून गाडी जॅकवर घेतली आणि काटा उलटा केला. त्याच्या पट्टीखाली कांद्याची सालं आणि माती दाबून बसली होती. पट्टी खाली टेकतच नव्हती. हे जमिनीवर बसून हसायला लागले. आपा म्हणाल्या, हा कांदा न कापताही रडवतो. सगळं साफ करून पहिल्यापासून करावं लागलं. मी ती पिशवी धरून बसले होते. चकती फिरली की माझ्या पाठीला कळायचं, हा कोपरा उचलला, हा बसला. ह्यांचे हात दिसत नव्हते, पण कुठे काम करतायत ते कळत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांच्या कामात कधी बसले नव्हते. मला वाटलं, आणखी थोडा वेळ नाही जुळलं तरी चालेल.

पैसे पिंजऱ्यात आणि स्प्रिंगांत संपले. पेट्रोलचं काम पुढे बघू, असं ह्यांनी ठरवलं.

शर्यतीच्या दिवशी आपांनी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही दोघी माळावर गेलो. एकेक गाडी जाताना पाहून आपा विचारत होत्या, यात कोण कोणाला पकडतंय. मग आमची आठशे सुटली. खड्ड्यावरून उडायची आणि खाली आली की लगेच शांत व्हायची. शेजारचा एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, ही कोणी सेट केली रे. मला ऐकू आलं. पण लांब वळणावर इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. गाडी हलकी राहावी म्हणून टाकीत पेट्रोल थोडंच ठेवलं होतं. वळणावर ते सगळं एका बाजूला गेलं आणि नळीने हवा ओढली.

हे हेल्मेट घालून तसेच आत बसून राहिले. मला जायचं होतं, पण मध्ये सगळे पुरुष उभे. आपा काठी टेकत गेल्या आणि टपावर टकटक केलं.

"उतरा मिस्त्री. गाडी तापलीय, तुम्ही कशाला तापता?"

दोराने ओढून गाडी घरी आणली. ह्यांनी हात धुतले, ताटावर बसले आणि म्हणाले, "आपांचे पैसे मी मातीत घातले." नागलीची भाकरी त्यांना आवडते, ती गरम वाढली. त्यांनी अर्धीच खाल्ली.

सकाळी मी आपांच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरले होते. एवढंच म्हणाले, "आपा, तुमचं दुसरं मशीन रिकामं असतं ना?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

मी शिवायला शिकले. जाड रेक्झिनला सुई कशी घालायची, कोपरा कसा वळवायचा. पहिल्या शनिवारी त्यांनी पगार पुढे केला, तेव्हा मी म्हटलं की तुमच्याकडेच कापून घ्या. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"कापून घेतले तर मी सावकार झाले आणि तू नोकर. पगार हातात घे, घरी जा. मग शेजारीण म्हणून ये आणि दे."

मग दर शनिवारी तसंच. पैसे घ्यायचे, आपल्या दारातून आत जायचं, परत निघायचं आणि त्यांच्या दारात जाऊन द्यायचे. एकदा मी नुसती भिंतीला वळसा घालून आले, तर म्हणाल्या, "घरी गेली नव्हतीस. जा, पाणी पिऊन ये." हेही गॅरेजच्या कमाईतून जमेल तसे माझ्या हातात ठेवायचे. आठशेवर मात्र त्यांनी कापड टाकलं होतं.

काही महिन्यांनी त्यांनी ते कापड काढलं. आपांकडून स्पंजचा तुकडा मागून घेतला आणि बरणीत पेट्रोल ओतून त्यात बुडवला. टाकीत स्पंज भरला तर पेट्रोल इकडेतिकडे पळणार नाही, असा विचार. दुसऱ्या दिवशी स्पंज फुगला होता आणि हात लावला की भुगा होत होता. आपांनी बरणी बघितली आणि म्हणाल्या, माझा माल बसायला आहे, भिजवायला नाही.

हे मला समजावत होते की पेट्रोलला हिंदकळू द्यायचं नाही, एवढाच प्रश्न आहे. मी चहा गाळत होते. मी म्हणाले, "आम्ही हंड्यात पळसाचं पान टाकायचो."

"कशाला?"

"विहिरीवरून डोक्यावर आणताना. पान असलं की पाणी उसळत नाही, अंगावर येत नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. "हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

मग त्यांनी विचारलं. विहीर किती लांब होती, वाट कशी होती, पावसात काय करायचो, पाय घसरला तर. मी सांगत गेले. चहा निवला तरी सांगत होते. मला एवढं बोलता येतं हे मलाही माहीत नव्हतं. शेवटी हे हसून म्हणाले, पेट्रोलवर पान टाकता येत नाही गं. पण ते हसणं मला फार आवडलं.

त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची तांब्याएवढी छोटी टाकी केली. आत भोकं पाडलेले पडदे लावले. भंगार बाजारातून एक पंप आणला. मोठ्या टाकीतून पेट्रोल छोटीत येणार, छोटी कायम भरलेली राहणार आणि इंजिन तिच्यातून पिणार. पुढच्या शर्यतीत आठशे त्या लांब वळणातून खोकल्याशिवाय निघाली. हे तिसरे आले. बक्षिसात पैसे नव्हते, एक कप मिळाला. घरी येताना तो माझ्या मांडीवर होता.

त्याच सुमारास आपांचा उजवा गुडघा सुजायला लागला. जाण्याचे पैसे भरायची तारीख जवळ आली होती आणि आमचे अजून बारा हजार बाकी होते. आपांनी विषय काढला नाही. पण काठी आता त्या दुकानातही हातात ठेवायच्या.

नाशिक रोडचा एक तरुण आला. त्याची गाडीही आठशेच, आणि तीही वळणावर बंद पडायची. त्याला ह्यांच्यासारखंच सगळं हवं होतं आणि महिन्याच्या आत हवं होतं. हे हो म्हणाले, आगाऊ पैसे घेतले, आणि तो गेल्यावर आपल्याच गाडीखाली जॅक लावला.

"अहो, आपलं काढताय?"

"नवीन करायला दोन महिने लागतील. आपांचे गुडघे थांबतील का दोन महिने?" नट सैल करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "हात माझेच आहेत. पुन्हा करीन."

मी त्यांना पाने देत राहिले. छोटी टाकी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती पदराने पुसली आणि खोक्यात ठेवली. स्प्रिंगा गेल्यावर गाडी विटांवर उभी राहिली. ह्यांनी तिच्यावर परत कापड टाकलं आणि चारी कोपरे नीट ओढून घेतले.

त्या तरुणाने बाकीचे पैसे दिले त्या दिवशी शनिवार नव्हता. हे अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्याबरोबर आले. आपा फोनवर एजंटाशी बोलत होत्या. मी पैसे मशीनवर ठेवले आणि म्हटलं, मोजून घ्या. त्यांनी एजंटाला थांबायला सांगितलं, फोन मांडीवर ठेवला आणि बोट ओलं करून एकेक नोट मोजली. घाई केली नाही. मग फोन कानाला लावला.

"हां, लिहा माझं नाव. पूर्ण भरते आज. आणि ती चाकाची खुर्ची नका लिहू, मी चालणार आहे."

फोन ठेवून त्या ह्यांना म्हणाल्या, "फिटले, मिस्त्री. सगळे फिटले."