शाळेच्या पायरीवरचा पाहुणा

कमी पटाच्या शाळा बंद करून पोरं लांबच्या मोठ्या शाळेत पाठवणार, अशी आवई उठली आणि आमच्या वेल्ह्याकडच्या गावात नवा माणूस दिसला की मला संशय यायला लागला. मी ग्रामपंचायतीचा मेंबर. शाळेला रंग आम्ही द्यायचा, नळ आम्ही आणायचा. शाळा ठेवायची की नाही, ते मात्र वर ठरणार.

त्यात एक दिवस हा उगवला. पांढरा शर्ट, काखेत पिशवी. शाळेच्या पायरीवर बसून पोरांकडे बघत ओठ हलवत होता. मोजतोय, मी ओळखलं. मग त्यानं नळ सोडून पाहिला, दाराची कडी हलवून पाहिली. विचारलं तर म्हणाला, "बसलोय जरा."

साहेब आला की आधी कोंबडं, मग बोलणं, ही आमची रीत. सरपंचांच्या घरी त्याला जेवायला बसवलं. रश्श्याचा भुरका मारता मारता तो थांबला आणि उलट माझ्याकडेच संशयानं बघायला लागला.

"मी सायेब न्हाई. आमच्या वाडीची शाळा बंद झाली, म्हणून नातीसाठी शाळा बघत हिंडतोय. आमी बी सायबाला असंच जेवू घातलं हुतं. तुमी बी घालताय, म्हंजी हितलं बी काय खरं न्हाई."

हात धुऊन तो गेला, तो परत आलाच नाही.

पटावर एक पोर वाढवायला आलेला माणूस आम्ही कोंबडं कापून घालवला.