साडूंची बुरशी आणि आटपाडीची घोडी

आमच्या साडूंइतका बुरशीवर जीव लावणारा माणूस साताऱ्यात दुसरा नाही, ही सातारकरांची पूर्वपुण्याई. जनावरांच्या प्रयोगशाळेत ते घोड्यांच्या जखमांतली बुरशी काचेच्या बशीत वाढवतात. घरी लोणच्यावर पांढरा ठिपका दिसला, तर बरणी टाकण्याआधी साडूंना दर्शन घडवावं लागतं. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आले, तेव्हा केक सोडून भिंतीची ओल न्याहाळत बसले. "छान धरलीय," म्हणाले. रंगारी येणार आहे हे मी सांगितलं नाही. उगाच कशाला कुणाचं मन मोडा.

गेल्या वर्षी आटपाडीकडच्या एका घोडीच्या जखमेचा नमुना आला. मागोमाग एसटीने तिचे मालकही आले, एक मेंढपाळ आबा. मेंढरांमागे फिरताना त्यांचा सगळा संसार या घोडीच्या पाठीवर. तिच्या पायावर गाठींची माळ उठून फुटली होती. बुरशी निघाली तर औषध होतं. नाही निघाली, तर संशय अशा रोगाचा की ज्यात कायद्याने जनावर मारावंच लागतं. तेव्हा बुरशी उगवावी म्हणून आम्ही सगळ्यांनी देव पाण्यात घातले, आणि साडूंच्या हाताखाली पहिल्यांदाच ती उगवेना. साडूंचं जेवण तुटलं. मेहुणी म्हणाली, "माझ्या बाळंतपणात मात्र हे पोटभर जेवत होते."

शेवटी साडूंनी आबांना विचारलं, "जखमेला काही लावता का?"

"काय न्हाई सायेब. नुसता देवाचा भंडारा. डाक्टर नमुना घ्यायला यायच्या आदी चांगला दाबून भरला हुता."

म्हणजे घोडी वाचावी म्हणून आबांनी भरलेल्या हळदीनेच बुरशीचा गळा धरला होता. साडू देव मानत नाहीत, पण त्यांनी हात जोडले. "आबा, भंडारा कपाळाला लावा. पाय थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या."

आबांनी विचार केला. "व्हय. कपाळ देवाचं, पाय तुमचा."

पाय धुऊन, वाट बघून घेतलेल्या नव्या नमुन्यातून बुरशी आली. साडूंनी बारशाचं बोलावणं करावं तसा फोन केला. "साडूभाऊ, आली." मी खवचटपणे विचारलं, "अभिनंदन. कुणावर गेलीय?" पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ते रडत होते.

औषध बरेच महिने चाललं, पण घोडी बरी झाली. मेंढरं घेऊन साताऱ्यावरून जाताना आबा तिला मुद्दाम दाखवायला घेऊन आले. साडू फाटकापाशी अंग चोरून उभे राहिले. जन्मभर घोडे त्यांच्याकडे कापसाच्या बोळ्यावरूनच आलेले.

"हात लावा की सायेब. चावत न्हाई ती."

साडूंनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"केवढी ऊब असते हो यांना," ते म्हणाले. माझ्या जिभेवर एक टोमणा तयार होता, पण तो काही बाहेर पडेना.