वाढत्या अंगाची सायकल

निवृत्तीनंतर मी अ‍ॅल्युमिनियमची सायकल घेतली, ती एक माप मोठी. कपडे, चपला, सगळं जरा मोठंच घ्यायचं, वाढत्या अंगाला होतं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. साठीत माझं अंग कुठल्या दिशेला वाढतंय, हे मात्र बघितलं नाही.

हलकी इतकी, की एका हाताने उचलून मी ती अख्ख्या आळीला दाखवली. पण अलिबागहून चौलला जाताना रस्त्यावरचा एकेक खडा थेट माझ्या मणक्यात येऊन हजेरी लावायचा. हँडल लांब, त्यामुळे मी दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलासारखा ताणलेला. डॉक्टर म्हणाले, कंबर अशीच राहिली तर सायकल बंद. म्हणजे बायकोबरोबरची सकाळही बंद. मला धास्ती त्याची होती.

ती आपली भावाच्या जुन्या स्टीलच्या सायकलवर, शेजारून गुणगुणत यायची. एके सकाळी चौलच्या वाड्या लागल्या तशी थांबली.

"अहो, उतरा. तुमचं तोंड बघवत नाही. माझी घ्या."

"त्या लोखंडावर? कंबरेचा भुगा होईल!"

"बसा तर. पाय तरी टेकतील."

पाय टेकले. बायको माझ्यापेक्षा टीचभर उंच. तिला ती सायकल लहानच पडायची. पुढे खड्डा आला. मी दात आवळले, डोळे मिटले. धक्का आला खरा, पण त्या बारीक नळ्यांत शिरला आणि तिथेच कुठेतरी विरला. लोखंड म्हणजे ताठ, असं मी जन्मभर मानत आलो होतो. आणि ते माझ्याखाली वेताच्या छडीसारखं लवत होतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकंच. मी मुद्दाम आणखी एक खड्डा शोधून त्यात घातली. पुन्हा तेच! यात धातूचं श्रेय किती, मापाचं किती, आणि माझ्या टायरांत मी हौसेने ठासलेल्या हवेचा दोष किती, कोण जाणे. मी नुसता थक्क.

चढावर मात्र लोखंडाने आपलं वजन दाखवलं. बायको माझ्या सायकलवरून केव्हाच वर पोचलेली.

"अहो, ही तर माझ्याच मापाची निघाली! कंबर काय म्हणते?"

"गप्प आहे," मी धापा टाकत म्हणालो.

"मग उद्या रेवदंडा," असं म्हणून ती उताराला लागलीसुद्धा.