ताईंनी रिफंड घेतला नाही

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. सातपूरला कारखान्यांच्या मागच्या कॉलनीत आमचं एकत्र घर आहे. खाली सासू-सासरे आणि ताई-भाऊजी, वर आम्ही, आणि स्वयंपाकघर एकच. बाहेरच्यांना वाटतं तसं आमचं काही गोडीगुलाबीचं नाही. मी तापट आहे आणि ताई फटकळ, त्यामुळे भांडी आमच्याकडे जरा जोरातच आपटली जातात. पण डोकं म्हणाल तर ताईंइतकं डोकं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय. मला त्याची खरी ओळख पटली ती एका विमानाच्या तिकिटावरून.

ताईंचं माहेर इगतपुरीचं, रेल्वे क्वार्टरमधलं. शेजारच्याच घरात त्यांची एक मैत्रीण होती. शाळेत एक बाक, घरी यायला एक रस्ता, आणि मास्तरांच्या शिव्याही दोघींना मिळूनच. पुढे मैत्रिणीचं लग्न सिकंदराबादच्या एका रेल्वेवाल्याशी झालं आणि भेटीगाठी संपल्या. राहिला तो फोन. रविवारी दुपारी सगळे आडवे झाले की ताई गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायच्या आणि बोलायच्या. मी वरच राहत असल्यामुळे मला ऐकू यायचं. शब्द नव्हे, हसणं. तसं मोकळं, मुलींसारखं हसू त्या खाली स्वयंपाकघरात कधीच हसल्या नव्हत्या.

ताई कधी गावाला जात नव्हत्या असं नाही. बारशाला जायच्या, साखरपुड्याला जायच्या, दहाव्याला जायच्या. पण प्रत्येक वेळी कुणाचं तरी काहीतरी असायचं, आणि तिथे पोचून पाणी प्यायच्या आधी त्यांच्या हातात झारा यायचा. नुसतं मैत्रिणीला भेटायला म्हणून कुणी बाई घराबाहेर पडते, ही गोष्ट आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच नव्हती. कुणी अडवलं नसतं. पण कुणी 'जाऊन या' असंही म्हटलं नसतं.

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरात कुठलाही वरकड पैसा आला, म्हणजे बोनस असो, एरिअर्स असो, नाहीतर गावाकडच्या द्राक्षांचे असोत, तो आधी देव्हाऱ्यासमोर ठेवायचा. मग सासरे, म्हणजे आमचे आप्पा, विचारणार, "कुणाची काय अडचण हाय?" ज्याची अडचण मोठी, त्याला पैसा. आता पैसे थेट बँकेत येतात, तर आप्पा बँकेचा मेसेज देव्हाऱ्यासमोर मोठ्याने वाचायला लावतात. मला सुरुवातीला हसू यायचं. पण या पद्धतीने घर चालतं, कुणाचं शिक्षण अडलं नाही, कुणाचं ऑपरेशन थांबलं नाही, हेही खरं. फक्त ताईंनी कधी आपली अडचण सांगितली नाही. त्यांना विचारलं की म्हणायच्या, "माझं काय, माझं सगळं आहे."

त्या दिवाळीत भाऊजींनी कमाल केली. बोनसचा मेसेज आला आणि देव्हाऱ्यापर्यंत जायच्या आधीच या माणसाने वर येऊन मला हळूच सांगितलं, "हिचं हैदराबादचं तिकीट काढून दे. विमानाचं. मैत्रिणीकडे जाऊ दे चार दिवस." मी उडालेच. इतक्या वर्षांत नियम मोडला तो असा! त्यांच्या कार्डावरून पैसे भरले, ताईंचं नाव घातलं, नंबर ताईंचा दिला. ओझरहून विमान, बसलं की उतरलं, रात्रीच्या गाडीने बाईमाणूस एकटं जायचं टेन्शन नाही, असं म्हणून आप्पांनीही मान डोलावली. ताईंनी दोन दिवस कुणाशी धड भांडणसुद्धा केलं नाही.

आणि मग जायला आठवडा राहिलेला असताना सासूबाई मोरीत घसरल्या. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. कुणी ताईंना 'राहा' म्हटलं नाही. सगळे फक्त त्यांच्याकडे बघत होते. त्या तसल्या बघण्याचा मला मनस्वी राग येतो. मी म्हटलं, "ताई, तुम्ही जा, मी रजा काढते." त्या म्हणाल्या, "आईंना अंघोळ घालायला तू सहा वाजता उठणारेस?" ताईंनी जाणं रद्द केलं ते असं, पोळ्या लाटता लाटता.

त्याच आठवड्यात विमान कंपनीचा मेसेज आला. विमानाची वेळ बदलली होती, दुपारचं विमान भल्या पहाटेवर गेलं होतं. ज्यांना सोयीचं नाही त्यांना दोन पर्याय: पूर्ण पैसे परत, नाहीतर तेवढ्याच रकमेचं क्रेडिट, वर्षभरात कधीही प्रवास करा. आप्पा म्हणाले, देव पावला. एरवी तिकीट रद्द करताना निम्मे पैसे कापले गेले असते, इथे पूर्ण परत मिळणार होते.

मी एका वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. माल परत गेला की समोरची पार्टी पैशाऐवजी क्रेडिट नोट पुढे करते, आणि ती क्रेडिट नोट वटवताना माझी निम्मी हयात गेली आहे. त्यामुळे माझं मत पक्कं. मी रात्री जेवताना सगळ्यांना ऐकवलं, "क्रेडिट म्हणजे त्यांनी आपले पैसे वापरायचे आणि आपण वर्षभर तारखा बघत बसायचं. रिफंड घ्यायचा. यात विचार करण्यासारखं काहीही नाही." आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

सगळ्यांना पटलं. इतकं पटलं की पैसे यायच्या आधीच त्यांना पाय फुटले. भाऊजी म्हणाले इन्व्हर्टरची बॅटरी गेलीय. आप्पांना गावाकडची विहिरीवरची मोटार रिवाइंड करून हवी होती. माझ्या नवऱ्याने गाडीच्या टायरचा विषय काढला. भाऊजींचंच मला आश्चर्य वाटलं. ज्या माणसाने हौसेने तिकीट काढलं, तोच आता बॅटरीचे अँपिअर सांगत होता. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पैसे घरात परत येणार म्हटल्यावर ते घराचे झाले, इतकंच.

फोन ताईंचा, मेसेज त्यांच्याच नंबरवर आलेला. मी म्हटलं, "द्या इकडे, रिफंड टाकते." त्यांनी दिला नाही. ओल्या हाताने उघडेना म्हणून पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि सगळ्या अटी वाचल्या, अगदी खालपर्यंत. मग एक बोट उचललं, ओटीपी टाकला आणि फोन फ्रीजवर ठेवून दिला.

"काय केलंत?" मी विचारलं.

"क्रेडिट घेतलं."

मी किती आरडाओरडा केला ते लिहायला नको. वेडेपणा, नुकसान, पुन्हा कधी जाणार आहात तुम्ही, असं सगळं बोलले. पुरुष मंडळी ताटात बघत होती. ताई मला म्हणाल्या, "चल, गच्चीवरचे कपडे काढू." वर गेल्यावर कपड्यांच्या घड्या घालत शांतपणे म्हणाल्या, "रिफंड कुठे जातो? यांच्या कार्डावर. कार्डावरनं देव्हाऱ्यात. देव्हाऱ्यातनं मोटारीला. आणि मग परत माझं तिकीट कोण काढणार आहे, सांग. दरवर्षी थोडंच कुणाला येड लागतं? क्रेडिट माझ्या नावावर राहतं. त्याची बॅटरी येत नाही."

मी पैशाचा विचार करत होते आणि ही बाई घराचा विचार करून बसली होती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की तो लपवायला मी आणखी थोडी कुरकुर केली.

पुढची मजा तर मी प्रत्यक्ष पाहिली. उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला कंपनीच्या कामाने हैदराबादला जावं लागणार होतं. कंपनी ट्रेनचं भाडं देणार, याला विमानात बसायची हौस. खाली येऊन म्हणाला, "वहिनी, तुमचं ते क्रेडिट पडूनच आहे ना? मी वापरतो, नंतर तुम्हाला देतो." आत्तापर्यंत ताईंनी दिरांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. स्वतःच्या ताटातला शेवटचा गुलाबजाम देणारी बाई. मी दाराआड उभी राहून वाट बघत होते, आता देतात बहुतेक.

ताई म्हणाल्या, "दिलं असतं हो, भाऊजी. पण नाव बदलता येत नाही. विमान कंपनीचा नियम आहे." चेहरा इतका दुःखी केला होता की नवराच त्यांची समजूत घालायला लागला. तो गेल्यावर माझ्याकडे बघून त्यांनी जी भुवई उडवली, ती मी अजून विसरले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वतीने नाही म्हणायला कुणीतरी होतं, आणि तेही दिल्लीबिल्लीत बसलेलं, ज्याच्याशी भांडायला जाता येत नाही.

महिने जात होते. गणपती झाले, दसरा झाला. मला काळजी लागली, कारण मुदत जवळ येत होती आणि ताई तारखेचं नाव काढत नव्हत्या. मी टोचलं की म्हणायच्या, "थांब गं, मी नाही काढायचा विषय." मला वाटलं, झालं, हिंमत संपली. माझा जीव तुटत होता. शेवटी मीच ठरवलं की आप्पांशी भांडायचं, आणि भांडायच्या तयारीने खाली गेले. पण जेवायला बसता बसता आप्पाच म्हणाले, "सूनबाई, तुझं ते इमानाचं तिकीट कधी संपतंय?"

"पुढच्या महिन्यात," ताई म्हणाल्या. वाढता वाढता, काही विशेष नसल्यासारखं.

"मंग? तसंच जाऊ देणार हायेस काय पैसं?"

"घरातलं बघून जमत नाही आप्पा. जाऊ दे. वाया गेलं तर गेलं."

आप्पा ताटावरून उठायचेच बाकी राहिले. आमच्याकडे उरलेल्या भाकरीचा कुटका करतात, जुन्या लुगड्याच्या गोधड्या होतात, मिठाईच्या बॉक्सची दोरीसुद्धा गुंडाळून ठेवतात. वाया जाणं हा एकच शब्द आप्पांना सहन होत नाही. "वाया? येवढं पैसं वाया? काय नाय, उद्याच्या उद्या तारीख काढ. घर काय पळून जात नाय." भाऊजी म्हणाले चहा मी करीन. नवरा म्हणाला डबा बाहेरून आणू. सासूबाईंचं मनगट कधीच बरं झालं होतं, त्याही म्हणाल्या, जा बाई, वाया नको घालवू. भाडं थोडं वाढलं होतं, तर वरचे पैसे आप्पांनी स्वतःच्या खिशातून काढून दिले. आणि आता कुणी कारण विचारत नव्हतं. वाया जाऊ नये, हे घराला पटणारं कारण मिळालं होतं.

मी ताईंकडे पाहिलं. त्या आमटी वाढत होत्या आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होत्या.

ताई गेल्या आणि चार दिवसांनी आल्या. त्या चार दिवसांत आम्ही काय जेवलो ते विचारू नका. ओझरहून मी त्यांना घेऊन आले तेव्हा गाडीत नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण चेहरा असा की मी रेडिओसुद्धा लावला नाही. घरी चहा झाला, बिस्किटांचे पुडे निघाले, पुरुष आपापल्या कामाला गेले. मागे आम्ही तिघीच उरलो.

सासूबाईंनी विचारलं, "काय काय बघितलंस गं?"

"काही नाही, आई."

"मंग केलं काय चार दिवस?"

"काही केलं नाही. बोलत बसायचो. झोप आली की झोपायचो. एक दिवस तर दुपारपर्यंत अंघोळसुद्धा केली नाही दोघींनी. स्वयंपाकाला तिच्याकडे बाई येते, मी ओट्याकडे फिरकलेसुद्धा नाही."

मला वाटलं, आता सासूबाई काहीतरी टाकून बोलणार. त्या कपाची कड चोळत बसल्या.

"माझी पन एक व्हती," त्या म्हणाल्या. "हाय अजून. देवळाली कॅम्पला दिलेली."

देवळाली कॅम्प म्हणजे इथून शहर बसने जेमतेम तासाभराचा रस्ता. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या मैत्रिणीचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. ताईंनीही ऐकलं नव्हतं.

"गेला नाहीत कधी?" मी विचारलं.

"कशाला जायाचं? तिच्याकडं कायी कार्यच निघालं न्हाई मला बोलवायला."

ताईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि खाली ठेवला. "पत्ता ठाऊक आहे, आई?"

सासूबाईंना स्वतःच्या गोळ्यांची नावं आठवत नाहीत, सणाची तिथी आम्हाला विचारावी लागते. पण त्यांनी रस्ता सांगितला, गल्ली सांगितली, कोपऱ्यावरची बेकरी सांगितली, तिच्या लग्नात पाठराखीण म्हणून गेल्या होत्या तेव्हा पाहिलेला दाराचा रंग सांगितला, आणि सांगता सांगता उठून त्या खुंटीवरचं चांगलं लुगडं काढायला लागल्या.